मंडपाची मागची बाजू

मी शाळेत होतो तेव्हा आम्हाला गायन शिकवायला एक मास्तर होते. त्यांचे नाव सांगत नाही; त्यांची मुले-नातवंडे हयात आहेत आणि पुढे येणारी हकीकत त्यांना आवडेलच असे नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी शेवटचा तास त्यांचा असे. शाळेला त्यांच्याकडून हवे होते ते एवढेच, की पंधरा ऑगस्टला आणि स्नेहसंमेलनात मुलांनी एका सुरात गावे. मास्तर ते इमानाने करीत. पण कधी पावसाची झड लागली, मुले निम्मीच आली, की ते पेटीचा भाता मिटत आणि एक गोष्ट सांगत. गोष्ट एकच. वर्षातून दोनदा तरी आम्ही ती ऐकली असेल.

१९६१ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, मास्तर एका मोठ्या शहरातल्या संगीत परिषदेत गायले होते. तीन पत्रे पाठवल्यावर चिटणीसांचे कार्ड आले : सकाळी नऊ वाजता, वीस मिनिटे. मास्तरांनी तोडी तयार केली ती तासाभराची. एसटीच्या भाड्याला पैसे एका भुसारी दुकानदाराकडून उसने घेतले. तबलजी तिथलाच दिलेला. त्याची आणि यांची पहिली गाठ व्यासपीठावर. समोर पाहतात तो आदल्या रात्रीच्या बैठकीला आलेले लोक सतरंजीवर मुटकुळी करून झोपलेले, आणि झाडूवाला त्यांच्या मधून वाट काढतो आहे. मास्तरांनी विलंबित धरले. आलाप मध्य सप्तकातून वर निघायच्या बेतात असताना कोणीतरी चिठ्ठी आणून मांडीशी ठेवली : पाच मिनिटे. मास्तर तसेच थांबले, तंबोरा खाली ठेवला आणि उठले. कोणाच्या लक्षातही आले नाही. अकराच्या एसटीने ते गावाकडे निघाले.

परिषद तीन दिवस होती. मास्तर तिथे दोन तास होते.

‘आपण सुटे गवई,’ ते म्हणत. ‘ना दरबार, ना घराणे, ना वशिला. आपल्याला कोण विचारतो?’ आणि घंटा होई.

पुढे मीही मास्तर झालो. शिक्षण मॅट्रिकपुढे गेले नाही, पण रात्री कादंबऱ्या लिहायचा नाद लागला. एका गवयाच्या घराण्यावर कादंबरी लिहावी म्हणून मी आपल्या देशातल्या संगीत परिषदांविषयी मिळेल ते वाचू लागलो. कादंबरी काही जमली नाही. वाचन मात्र उरले. ते करताना हा ‘सुटा गवई’ शब्द सारखा मनात होता. परिषदांचा इतिहास लिहिणारे अध्यक्षांची भाषणे आणि ठराव सांगतात. वशिल्यावाचून आलेल्या माणसाने त्या मंडपात काय केले आणि काय मिळवले, हे मात्र वाचणाऱ्याला चिमटीने वेचावे लागते.

पूर्वी गवयाला परिषद नव्हती आणि तिची गरजही नव्हती. त्याला संस्थान होते. कोल्हापुरात शाहू महाराजांच्या पदरी अल्लादिया खाँ होते, इचलकरंजीत बाळकृष्णबुवा होते. दरबारचा गवई हा दरबारच्या हत्तीसारखा : पोसायचा, सणावारी मिरवायचा आणि शेजारच्या संस्थानिकाला हेवा वाटायला लावायचा. त्यात अपमान पुष्कळ होते, पण महिन्याच्या महिन्याला शिधा होता. शाहू महाराज १९२२ साली गेले आणि अल्लादिया खाँसाहेबांसारख्या पर्वतालाही उतारवयात मुंबईत बस्तान बसवावे लागले. मग लहानसहान गवयांचे काय झाले असेल ते सांगायला नको.

दरबारावाचून गवयाला जगता येते, हे दाखवून देणारे पहिले मोठे मराठी गृहस्थ म्हणजे विष्णु दिगंबर पलुसकर. कुरुंदवाडचा हा मुलगा लहानपणी फटाका तोंडाजवळ फुटून दृष्टीला मुकला, मिरजेस बाळकृष्णबुवांपाशी शिकला, आणि १८९६ साली मिरज सोडून बाहेर पडला. तिकीट लावून जलसे करायचे, राजाच्या ऐवजी रयतेकडून पैसे घ्यायचे, आणि त्या पैशांतून शाळा काढायची, हा बुवांचा बेत. ५ मे १९०१ रोजी लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढले. १९०८ साली मुंबईला आणले. पुढे कर्जापायी मुंबईची इमारत लिलावात गेली हे खरे. पण बुवांची खरी मिळकत इमारत नव्हती. ती होती विनायकराव पटवर्धन, ओंकारनाथ ठाकूर, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर अशा शिष्यांची रांग. यांतली दोन नावे वाचकांनी ध्यानात ठेवावीत.

लाहोरला असताना बुवा जालंधरच्या हरिवल्लभ मेळ्याला जात. हा मेळा १८७५ पासूनचा. देवी तलावाच्या काठी एका साधूने आपल्या गुरूच्या स्मरणार्थ सुरू केलेला. डिसेंबरातली पंजाबची थंडी, शेकोट्या, आणि गवयांचे गाणे. बिदागीसाठी तिथे कोणी जात नसे. ऐकायला जायचे आणि ऐकवायला जायचे.

याच्या अगदी उलट जातीची परिषद बडोद्यास भरली, मार्च १९१६ मध्ये. भरवणारे पंडित विष्णु नारायण भातखंडे : वाळकेश्वरचे, पेशाने वकील. बायको आणि मुलगी गेल्यावर वकिली सोडून संगीताच्या मागे लागलेले. सयाजीराव गायकवाडांनी आश्रय दिला. दिवसा निबंध आणि चर्चा, रात्री गाणे. सांगलीचे देवल आणि क्लेमंट्स साहेब यांनी बावीस श्रुतींची पेटी करवून आणली होती. गवयांच्या गळ्यापुढे ती टिकेना, आणि मोठे वादळ झाले. पुढे १९१८ साली दिल्लीस, १९१९ साली बनारसला आणि नंतर दोनदा लखनौला या परिषदा भरल्या. त्यांतूनच १९२६ साली लखनौचे मॅरिस म्युझिक कॉलेज निघाले.

पंडितजींचे उपकार मोठे आहेत. आज शाळेतले पोर ‘यमन, थाट कल्याण’ म्हणते ते त्यांच्यामुळे. पण खरे सांगायचे तर त्यांच्या मंडपात गवई हा पुराव्यासारखा होता. अमक्या रागात कोमल धैवत लागतो की नाही, या दाव्यात त्याने गाऊन साक्ष द्यायची. निकाल देणारे पंडित निराळे. आलेले बहुतेक गवई कुठल्या ना कुठल्या संस्थानचे. सुट्या गवयाला तिथे गादी नव्हती. या परिषदांचा सर्वांत जास्त फायदा कोणी करून घेतला, तर जो मैफली करीत नव्हता त्या भातखंडे नावाच्या वकिलाने. १९०४ सालापासून हा मनुष्य देशभर वह्या घेऊन हिंडत होता. खाँसाहेबांच्या बिऱ्हाडी जाऊन, आर्जव करून, पैसे देऊन चिजा उतरवून घेत होता. परिषदेत सारे खाँसाहेब आयते एका गावात आले. व्यासपीठावर जे मिळते त्याहून अधिक बिऱ्हाडी मिळते, हे त्यांना ठाऊक होते. आमच्या मास्तरांना ठाऊक नव्हते.

१९३० नंतर परिषदांचा रंग पालटला. शास्त्रचर्चा मागे पडली, तिकीटविक्री पुढे आली. कलकत्ता, अलाहाबाद, मुंबई अशा शहरांत चार-चार रात्रींचे जलसे होऊ लागले. आता मंडपात बसणारा महाराज नव्हता; वकील, डॉक्टर, कारकून, विद्यार्थी होते. त्यांना श्रुती किती याच्याशी कर्तव्य नव्हते. गाणे चांगले झाले की टाळी. येथे मात्र सुट्या माणसाला फट सापडली.

आणि ती फट बायकांनी आधी ओळखली, असे मला वाटते. ज्यांनी राजाच्या किंवा सावकाराच्या बैठकीत गावे आणि बाहेर ज्यांचे नाव कोणी घेऊ नये अशी जगाची रीत, त्यांना तिकीट काढून आलेल्या श्रोत्यांपुढे उस्तादांच्याच व्यासपीठावर बसता आले. हिराबाई बडोदेकरांनी ते अशा खानदानी रीतीने केले, की पुढच्या मुलींची वाट सोपी झाली. गंगूबाई हनगल पहिल्यांदा कलकत्त्याला गेल्या तेव्हाची हकीकत प्रसिद्ध आहे. चण लहान, हाडे मोजून घ्यावीत अशी. ही बाई काय गाणार, म्हणून चिटणीस मंडळींनी आधी खाजगीत गाऊन दाखवायला लावले. त्यांच्या जागी आमचे मास्तर असते तर एसटी शोधायला निघाले असते. बाई गायल्या. मग परिषदेतही गायल्या, आणि त्रिपुराच्या महाराजांचे सुवर्णपदक घेऊन परतल्या.

कलकत्त्यालाच १९३७ साली बिस्मिल्ला खाँ नावाचा विशीतला तरुण सनई घेऊन बसला. सनई म्हणजे लग्नाच्या दारातले किंवा देवळाच्या नगारखान्यातले वाद्य. वाजवणारा उंबऱ्याबाहेर, ऐकणारे आत जेवणावळीत. ती सनई ख्याल गाते हे लोकांनी त्या मंडपात ऐकले. दरबाराच्या दारी राहिली असती तर ती दारीच राहती.

केसरबाई केरकरांची तऱ्हा याहून निराळी. गोव्यातल्या केरी गावची ही बाई. अल्लादिया खाँसाहेबांपाशी वर्षानुवर्षे तालीम घेतलेली, गाणे हिऱ्यासारखे. बिदागी काय आणि बसायचे कुणाआधी, कुणानंतर, याबाबत त्या कोणाची भीड ठेवीत नसत. रेडिओपासूनही दूरच राहिल्या. लोक ताठा म्हणत. म्हणोत. पण ‘नाही’ म्हणायला अंगी केसरबाईंचे गाणे लागते. बाविसाव्या वर्षी, वीस मिनिटांच्या बोलीवर आलेल्या माणसाने केसरबाईंचा ताठा दाखवला तर त्याची एसटी चुकत नाही, एवढेच होते.

आता वेळेविषयी थोडे. बैठकीत गवई एका रागाला दीड-दीड तास देत असे. श्रोते दहा, घाई कोणालाच नाही. परिषदेत एका रात्री पाच-सहा कलावंत, म्हणून प्रत्येकाला मोजून वेळ. जुने लोक याला गाण्याचा खून म्हणत, आणि त्यात तथ्यही होते. पण ज्यांनी आधी ध्वनिमुद्रिकेसाठी तीन मिनिटांत राग बसवायची कसरत केली होती, त्यांना अर्धा तास म्हणजे मोकळे मैदान वाटले. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्या ऐकाव्यात. पहिल्या स्वरालाच राग समोर येऊन उभा राहतो. मास्तरांची तोडी तासाभराची होती आणि वेळ वीस मिनिटांची; चिठ्ठी आणणाऱ्यावर त्याचे खापर किती फोडायचे?

पण परिषदेतून खरोखर काय मिळवता येते, हे दाखवणारी माणसे म्हणजे दोन पोरे.

पहिला, बेळगावकडच्या सुळेभावीचा शिवपुत्र कोमकली. नाव कुमार गंधर्व. मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या ऐकून हुबेहूब तसे गाणारा. १९३६ साली मुंबईच्या जिना हॉलमधल्या परिषदेत हा अकरा-बारा वर्षांचा मुलगा गायला आणि सभागृह वेडे झाले. बक्षिसांचा पाऊस पडला. असा मुलगा एरवी दहा वर्षे गावोगाव मिरवला जातो आणि मिसरूड फुटले की विसरला जातो. कुमारचे तसे झाले नाही, कारण परिषद भरवणारे देवधर मास्तर होते, आणि तिथून तो मुलगा त्यांच्या गिरगावातल्या शाळेत शिकायला राहिला. परिषदेने त्याला टाळ्या दिल्या त्या विरून गेल्या. गुरू दिला तो उरला.

दुसरा, गदगचा भीमसेन जोशी. १९३३ साली, अकराव्या वर्षी, गाणे शिकायचे म्हणून घरातून पळाला. रेल्वेत गाऊन तिकीट-तपासनिसाला चुकवीत ग्वाल्हेर, कलकत्ता, दिल्ली करीत जालंधरला पोचला. तिथे मंगतराम नावाच्या अंध धृपदियापाशी राहिला. हरिवल्लभ मेळ्यात व्यासपीठावर त्याला गायला कोण बसवणार? तो गवयांच्या मागे तंबोरा धरून बसू लागला. मागे बसणारा तंबोरावाला म्हणजे सभेत कोणाला न दिसणारा माणूस. पण गवयाचा श्वास त्याच्याइतक्या जवळून दुसरा कोणी ऐकत नाही. तिथेच विनायकराव पटवर्धनांची गाठ पडली. त्यांना नवल वाटले. अरे, तुमच्या शेजारी कुंदगोळला सवाई गंधर्व असताना तू इकडे पंजाबात काय करतोस, अशा अर्थाचे ते बोलले. पोरगा परत फिरला. कुंदगोळला पाणी भरले, तालीम घेतली. पुढचे साऱ्या जगाला माहीत आहे.

विष्णु दिगंबरांच्या शिष्यांतली दोन नावे लक्षात ठेवा म्हणालो होतो, ती हीच. फटाक्याने डोळे गेलेल्या त्या माणसाने संस्थान सोडून वणवण केली, इमारत गमावली. आणि त्याच्या दोन शिष्यांनी दोन मंडपांत दोन पोरांना वाटेला लावले. भीमसेनांनीही ते ऋण ठेवून घेतले नाही. सवाई गंधर्व १९५२ साली वारले, आणि १९५३ पासून पुण्यात त्यांच्या नावाचा महोत्सव सुरू झाला. भीमसेनांनी तो जन्मभर सांभाळला. नाव नसलेल्या पोरालाही हजारोंपुढे बसायची सोय झाली. १९४७ नंतर संस्थाने विलीन झाली होती. रेडिओ आणि परिषद, गवयाला हे दोनच दरबार उरले होते.

रात्रभर चालणाऱ्या परिषदा आता बहुतेक मिटल्या. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनी रात्री दहानंतर कर्ण्यांना बंदी आली. झोपू इच्छिणाऱ्या शेजाऱ्याच्या बाजूने मी आहे. पण मध्यरात्रीचे आणि पहाटेचे राग मंडपाला पारखे झाले, हेही खरे. आता संध्याकाळी चारला सुरू करून दहाला आवरतात. चिठ्ठ्या आणखी लवकर येतात.

हे सारे वाचून झाल्यावर, २००३ साली, मी मास्तरांकडे गेलो. ते निवृत्त होऊन काही वर्षे झाली होती. भीमसेनांची तंबोऱ्याची गोष्ट त्यांना ठाऊक नसेल असे नाही, पण मी ती सांगितली. मास्तर बराच वेळ सुपारी कातरत बसले. मग म्हणाले, ‘तोडी चुकली नाही रे. एसटी पकडली, ते चुकले.’

त्याच हिवाळ्यात आमच्या तालुक्याच्या गावी एका मंडळाचे संगीत संमेलन होते. मास्तर म्हणाले, ‘चल.’ पोचल्यावर ते समोर बसलेच नाहीत. मंडपाच्या मागे गेले. तिथे बाहेरगावची एक मुलगी तंबोऱ्याच्या खुंट्या पिळीत रडकुंडीला आली होती. बरोबर कोणी नाही, तंबोरा मंडळाचा, आणि जवारी मेलेली. तार छेडली की डबा वाजल्यासारखा आवाज. मास्तरांनी न बोलता तो मांडीवर आडवा घेतला. बंडीच्या खिशातून सुती दोरा काढला, तोंडात धरून ओला केला, घोडीवर तारेखाली सरकवला. केसभर पुढे, केसभर मागे. मग एकदम तार बोलली. षड्जातून गंधार डोकावू लागला. मुलगी पाहतच राहिली. म्हणाली, ‘काका, मागे बसाल का?’

मास्तर मागे बसले. मुलीला चाळीस मिनिटे होती. पूरिया धनाश्री तिने बेताने मांडला, पण रंगात आल्यावर वेळेचे भान सुटले. चिठ्ठी घेऊन येणारा पोऱ्या बाजूच्या पायरीवर चढला तो मास्तरांना आधी दिसला. ते किंचित पुढे झुकले आणि तिला काहीतरी म्हणाले. तिने त्याच आवर्तनात मुखडा गुंडाळला आणि द्रुत चीज धरली. चिठ्ठी मांडीशी येऊन पडली तेव्हा मंडप हलू लागला होता. तिहाई समेवर आली आणि टाळी पडली ती चांगली पडली. निवेदकाने तबलजीचे नाव घेतले, पेटीवाल्याचे घेतले. तंबोऱ्यावर कोण होते ते त्याला ठाऊक नव्हते.

आमच्या गावची शेवटची एसटी साडेआठला. मी मागे जाऊन मास्तरांना घड्याळ दाखवले. ते पुढच्या गवयाचा तंबोरा लावीत होते.

‘तू जा,’ ते म्हणाले. ‘अजून तिघांचे गाणे व्हायचे आहे.’